कुंभार्लीच्या पायऱ्या

मी चौतीस वर्षं एसटीत वाहक होतो. त्यातली एकोणीस वर्षं कराड–चिपळूण मार्गावर गेली. कुंभार्ली घाट किती वेळा चढलो-उतरलो याचा हिशेब वेबिलांत असेल, आणि ती वेबिलं केव्हाच रद्दीत गेली असतील. पण कुठल्या वळणावर कोणाला उलटी होणार, हे मी अजून डोळे मिटून सांगू शकतो. पोफळी सोडलं की खिडकीकडच्या बाईला लिंबू द्यायचं, हा माझा नियम होता.

एवढ्या वर्षांत घाटाकडे मी रस्ता म्हणूनच पाहिलं. डावीकडे दरी, उजवीकडे कडा, मध्ये आपली गाडी. एका जुलैत पुढं दरड आली आणि आम्ही अडीच तास अडकलो, तेव्हा पहिल्यांदा मी त्या कड्याकडे नीट बघितलं. तेसुद्धा एका प्रवाशामुळे. कुठल्याशा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारे गृहस्थ होते. पावसात छत्री धरून ते कड्यापाशी उभे, आणि मला वाटलं, आता हे वरून दगड अंगावर घेणार आणि जबाब मला द्यावा लागणार.

"साहेब, गाडीत बसा."

"मास्तर, इकडं या. पायऱ्या मोजा बघू."

आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. पण त्या दिवशी मास्तर ते होते आणि मी पोरगा. समोरच्या डोंगराला खरोखरच पायऱ्या होत्या. उभा कडा, मग थोडी सपाटी, त्यावर गवत-झाडोरा, पुन्हा उभा कडा. पाऊस असल्यामुळे प्रत्येक पायरीवरून पाणी पडत होतं, म्हणून त्या जास्तच उठून दिसत होत्या. ते म्हणाले, प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एक लोंढा. एक लोंढा आला, पसरला, थंड झाला. मग मध्ये काही काळ शांतता. मग दुसरा. दख्खनच्या या दगडाला इंग्रजीत 'ट्रॅप' म्हणतात. मला वाटलं सापळा. ते हसले. तो शब्द स्वीडिश भाषेतून आलाय, आणि त्याचा अर्थ जिना.

मग त्यांनी दोन पायऱ्यांच्या मधला एक तांबडा पट्टा दाखवला, आणि तिथं मात्र मला त्यांच्याकडून शिकण्यासारखं काही उरलं नाही, कारण तो पट्टा माझ्या ओळखीचा होता. आमची विहीर खणली तेव्हा मी आठवीत होतो. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे तो भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा भुसभुशीत खडक. त्याखाली काळा पाषाण, ज्याला सुरुंगाशिवाय गत्यंतर नाही. आणि पाषाण फोडून झाला की अचानक गेरूसारखा तांबडा थर, त्याखाली पुन्हा मांजऱ्या. विहीर खणणारे वडार गडी त्या तांबड्या थराला जपून असायचे, पाणी अडतं ते तिथंच म्हणायचे. गुरुजी म्हणाले, एक लोंढा थंड झाल्यावर त्याच्या वरच्या अंगाची माती व्हायला लागली, तेवढ्यात दुसरा लोंढा आला आणि त्यानं ती भाजून काढली. मांजऱ्यातली भोकं म्हणजे लाव्ह्यातल्या वाफेचे बुडबुडे. मागाहून पाण्यातून आलेल्या खनिजांनी ती भरली, ते पांढरे ठिपके.

म्हणजे कुंभार्ली घाट ही अर्धी कापून उघडी ठेवलेली विहीरच की! एवढी वर्षं तिच्या काठावरून मी तिकिटं फाडत होतो.

हे सगळं सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या आसपासचं. आज उरलाय तो दगडसुद्धा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. आणि हा लाव्हा चित्रातल्यासारख्या टोकदार ज्वालामुखीतून आला नाही, जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यातून वर आला. दूध उतू जातं तसा, फार उडाउडी न करता. बहुतेक भूवैज्ञानिक मानतात की या लाव्ह्याची चूल अजून पेटलेली आहे. ती मादागास्करच्या पूर्वेला रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी आजही जागा असतो. चूल जागची हलली नाही. वरचा तवा सरकत सरकत इथं आला. तवा म्हणजे आपण.

हे सरकणं माझ्या डोक्यात काही केल्या बसेना. सेंटिमीटर, कोटी वर्षं, असले आकडे ऐकले की माणूस मान डोलवतो आणि विसरतो. शेवटी मी ते माझ्या हिशेबात घातलं. एसटीचं भाडं टप्प्यावर असतं, आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा. भारताची भूपट्ट, म्हणजे हा देश ज्यावर बसलाय तो खडकाचा तवा, सध्या ईशान्येकडे वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर सरकते. सहा किलोमीटर म्हणजे सहा लाख सेंटिमीटर. भागिले पाच. म्हणजे भारताला एका टप्प्याचं तिकीट फाडायचं तर पुढचा टप्पा १ लाख २० हजार वर्षांनी येणार. तेवढ्यात तिकीट तपासनीस चढला तर काय सांगायचं?

पण ही आत्ताची चाल झाली. लाव्हा येऊन गेल्यानंतरच्या काळात हीच भूपट्ट वर्षाला पंधरा सेंटिमीटर आणि त्याहून जास्त पळत होती. चाळीस हजार वर्षांत टप्पा. भूपट्टांच्या जगात ही एक्स्प्रेस. नंतर, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी, ती आशियाला जाऊन धडकली आणि वेग उतरला. नुसता उतरला, गाडी थांबली नाही.

ही धडक कंडक्टरला समजावून सांगावी लागत नाही. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढं जाऊन एकमेकांवर चढतात. तो चढलेला ढीग म्हणजे हिमालय. दोन्हींच्या मधला टेथिस समुद्र चेंगरला आणि त्याच्या तळाचा गाळ डोंगरावर गेला. आमच्या देवघरात आज्ज्याच्या काळापासून एक शाळिग्राम आहे. असे दगड नेपाळात गंडकी नदीत सापडतात. त्याच्यावरचं चक्र म्हणजे त्या समुद्रातल्या एका जिवाच्या कवचाचा ठसा, अमोनाइट नावाचा प्राणी, आज नामशेष. गोगलगाईच्या शंखासारखं वळलेलं कवच. मी हे आईला सांगितलं. ती तुळशीच्या लग्नाची तयारी करत होती. म्हणाली, "मग आपण तुळशीचं लगीन समुद्रातल्या किड्याशी लावतो व्हय?" मी गप्प. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "समुद्रातनं हिमालयात गेला आन् तिथनं आपल्या घरात आला. देव न्हाई तर काय मग!"

आता आमच्या गावाकडे येतो, कारण हे सगळं मी ज्यासाठी वाचायला लागलो ते तिथं आहे.

माझा जन्म १९६२ चा, पाटण तालुक्यातल्या एका वाडीतला. त्याच वर्षी कोयनेच्या धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली. आई म्हणायची, तू आणि पाणी बरोबरच आलात. पाणी आलं आणि पाठोपाठ जमिनीतून आवाज यायला लागले. लांब सुरुंग उडाल्यासारखे. धरणाचं काम चालू असल्यामुळे पहिल्यांदा लोकांना ते सुरुंगच वाटले. मग सुट्टीच्या दिवशीही आवाज यायला लागले.

११ डिसेंबर १९६७. सोमवार. पहाटेचे चार वाजून वीस मिनिटं झाली असतील. मी पाच वर्षांचा होतो, आणि मला त्यातलं जे आठवतं ते खरंच आठवतं की आईनं सांगून सांगून आठवायला लागलं, याची मला आता खात्री नाही. उतरंडीची मडकी फुटल्याचा आवाज. त्याआधी एक घरघर, जशी मुक्कामी गाडी पहाटे सुरू होते तशी. आणि धूळ. आमची घरं दगड-मातीची, भिंती दोन-दोन हात रुंद. ऊन्हा-पावसाला चांगल्या, पण हलल्या की त्याच मारेकरी. आमची मागची भिंत बाहेरच्या बाजूला पडली म्हणून हा मजकूर लिहायला मी शिल्लक आहे. शेजारच्या घराची आत पडली. त्या घरातलं कोणी मला आठवत नाही, फक्त त्यांची शेळी आठवते, जी नंतर आमच्याकडे राहिली.

६.३ तीव्रतेचा भूकंप. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगरची घरं जमिनीला मिळाली. मुंबई-पुण्यापर्यंत हादरा जाणवला आणि मुंबईची वीज गेली, कारण ती वीज आमच्याकडून जायची. पुढं कित्येक महिने आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. त्यानंतर 'भूकंपग्रस्त' हा आमच्याकडे एक दाखला झाला, जसा जातीचा असतो तसा. धरणात जमीन गेलेल्यांना 'प्रकल्पग्रस्त' हा दाखला. काही घरांत दोन्ही. नोकरीच्या अर्जाला कुठला जोडायचा यावर भावाभावांत वाद झालेले मी पाहिलेत.

त्या काळच्या पुस्तकांत आमचा हा भाग पक्का, न हलणारा म्हणून लिहिलेला होता. भूकंप हिमालयात व्हायचे, जिथं भूपट्टांच्या कडा भिडतात. दख्खन मध्यावर, निवांत. मग आम्ही का हललो? याचं उत्तर मला वाचून कळलं, पण पटलं ते डेपोमुळे. ब्रेक पुढं लागतो, पण करकरतात ते मागच्या सीटचे नट. भारताला दक्षिणेकडून समुद्रतळावरच्या पर्वतरांगांपाशी तयार होणारा नवा तळ ढकलतोय, उत्तरेला हिमालय अडवतोय. या दोन्हींमधला ताण सगळ्या भूपट्टीत पसरलेला आहे. आणि दख्खनचा काळा पाषाण वरून सलग दिसला तरी तो फक्त वरचं आवरण आहे. आमच्या भागात गोठणे इथं २०१६-१७ मध्ये शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. साडेबाराशे मीटरच्या आसपास लाव्ह्याचे थर लागले, आणि त्याखाली एकदम ग्रॅनाइट, शेकडो कोटी वर्षांचा म्हातारा दगड. त्याच्यात जुन्या भेगा आहेत. लाव्ह्यानं त्या झाकल्या, बुजवल्या नाहीत. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी प्रयोगशाळाच आहे. माझ्या गाडीतून तिथं जाणारी पोरं-पोरी असायची, मागं पाठीला सॅक. मी विचारायचो, कळलं का काही? ती म्हणायची, मास्तर, वेळ लागेल.

आता धरणाचं. गावात आजही दोन पक्ष आहेत. एक म्हणतो धरणानंच भूकंप आणला. दुसरा म्हणतो हे अडाण्यांचं बोलणं, एवढ्याशा पाण्यानं पृथ्वी हलते का. मला वाटतं दोघंही अर्धे बरोबर आहेत. चाकाचा नट गंजून अडकला की डेपोतला मेकॅनिक त्यावर थोडं रॉकेल सोडतो, चहा पिऊन येतो, मग पान्याला जोर देतो आणि नट सुटतो. जोर पान्याचा, रॉकेलचा नव्हे. पण रॉकेल नसतं तर नट त्या दिवशी सुटला नसता. पाणी भेगांतून खोल उतरतं, दगडांच्या फटीतला दाब वाढतो, एकमेकांना घट्ट धरून बसलेल्या दोन बाजूंची पकड सैल होते. ताण आधीचाच असतो. धरणाचं वजन आणि पाणी फक्त वेळ ठरवतं. म्हणूनच पावसाळ्यात धरण भरलं की पुढच्या महिन्यांत हादरे वाढतात. १९८५ पासून दक्षिणेला वारणेचं धरण भरायला लागलं, तेव्हा हादऱ्यांची जागाही तिकडे पसरली. जगभरात धरणामुळे सुरू झालेल्या भूकंपांचं उदाहरण म्हणून आमचं नाव घेतात, आणि साठ वर्षं होऊन गेली तरी ते थांबलेले नाहीत. बरीचशी गोष्ट वीस गुणिले तीस किलोमीटरच्या तुकड्यात घडते. माझे पाच-सहा टप्पे, बस्स.

पण धरण तिथं का, हेही त्याच जिन्यामुळे. सह्याद्री हा हिमालयासारखा घड्या पडून उठलेला डोंगर नाही. तो पठाराची तुटलेली कड आहे. लाव्ह्याच्या काळातच पश्चिमेकडचा तुकडा फाटून दूर गेला, त्याचे अवशेष म्हणजे आजची सेशेल्स बेटं. फाटलेली कड उचलली गेली, पठार पूर्वेकडे कललं. म्हणून अरबी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर महाबळेश्वरला उगवणारी कृष्णा समुद्राकडे पाठ फिरवून पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. आमची कोयनाही तिथलीच, पण जरा हट्टी. कड्याच्या मागून सरळ दक्षिणेकडे येते आणि हेळवाकला काटकोनात पूर्वेला वळते, वळणाचा बोर्ड लावलाय असं. पुढं कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते.

इंजिनिअरांनी काय केलं, तर या पूर्वेला निघालेल्या पाण्याला मागं फिरवलं. बोगद्यातून कड्याच्या पोटात नेलं आणि साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरून पोफळीला खाली सोडलं. तिथं जमिनीच्या पोटात वीजघर. वीज करून झाली की पाणी वाशिष्ठीत, म्हणजे चिपळूणला, म्हणजे अरबी समुद्रात. घाट चढायला मला चाळीस मिनिटं लागायची, आणि पाणी मात्र आतल्या आत उतरून जायचं. आमची घरं पाडणारी आणि मुंबईत दिवे लावणारी ताकद एकाच डोंगरातली. याचं मला कौतुक वाटतं की राग येतो, हे अजून ठरत नाही.

कड्याच्या खाली संगमेश्वरकडे तुरळला गरम पाण्याची कुंडं आहेत. आईचे गुडघे धरले तेव्हा तीन-चारदा घेऊन गेलो. लोक म्हणतात खाली ज्वालामुखी आहे. तसं काही नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. वज्रेश्वरीपासून खाली रत्नागिरीपर्यंत असे झरे साधारण एका उत्तर-दक्षिण ओळीत आहेत, कड्याच्या पायथ्याला समांतर. नकाशावर पेन्सिलीनं जोडून बघा. आईच्या गुडघ्यांना किती गुण आला ते देव जाणे, पण ती दोन दिवस भांडली नाही.

आणि ही कड जागेवर नाही, तीही सरकते. पाऊस तिला कुरतडतो, धबधबे मागं मागं खोदत जातात, कडा पूर्वेकडे हटतो. आम्ही घाटवाले कोकणाला हसतो, पण त्यांची जमीन म्हणजे आमच्या सह्याद्रीनं हटताना सोडलेली जागा आहे. हे वाचायला मजेचं वाटतं. २२ जुलै २०२१ च्या रात्रीनंतर मला ते तेवढं मजेचं वाटत नाही. मी निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. त्या पावसात आमच्याच तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला डोंगर घरांवर आला. वर कुजलेल्या खडकाची जाड माती, खाली टणक पाषाण. पाणी मातीत मुरतं, पाषाणावर अडतं, आणि सगळं वरचं अंग सुटून येतं. विहिरीत जो थर पाणी देतो म्हणून आम्ही नारळ फोडतो, तोच उतारावर असा वागतो. मिरगावचा रस्ता माझ्या पायाखालचा होता. तिथल्या दोन म्हाताऱ्यांची नावं यादीत वाचली, नेहमी अर्ध्या तिकिटावर पाटणच्या बाजाराला यायच्या.

नोकरीत मी बरेचदा मुक्कामी गाडीवर असायचो. रात्री खोऱ्यातल्या एखाद्या गावात गाडी लावायची, मागच्या लांब सीटवर वळकटी टाकायची, पहाटे पहिली फेरी. अशा रात्री हादरा आला की गाडी टायरांवर डुलायची, पाळण्यासारखी. खिडक्यांच्या काचा एका सुरात वाजायच्या. नवीन ड्रायव्हर असला की उडी मारून खाली जायचा. मी त्याला सांगायचो, खाली काय करशील, हलतीय तीच तर जमीन आहे, गाडीला निदान स्प्रिंगा आहेत. चौतीस वर्षांच्या नोकरीत भारत एकशे सत्तर सेंटिमीटर पुढं गेला. माझी उंची तेवढीच आहे, भरतीच्या वेळी मोजलेली. म्हणजे रुजू झालो तिथं डोकं ठेवून आडवा झालो असतो तर निवृत्तीला पाय जिथं आले असते, तिथवर.

आता आम्ही कराडला राहतो. घराला आरसीसीचे खांब आहेत, तरी आईची खाट दाराजवळच असते. वडील होते तोवर तेही दाराशीच झोपायचे, सदुसष्ट सालापासून. यंदा दिवाळीनंतर एका रात्री फडताळातली भांडी किणकिणली. पाच-सहा सेकंद. मी उठून बसलो. पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज आला.

"झाला का?"

"झाला."

"मग बत्ती बंद कर."